मधला डॉल्फिन

ही गोष्ट फार जुनी आहे. राज्यं तेव्हा लहान होती, समुद्र मात्र आजच्याएवढाच मोठा होता. लहानांनी ऐकावी म्हणून मी ती सांगतो आहे. पण मोठी माणसं बाजूला बसली असतील, तर त्यांनी उठून जायचं कारण नाही.

समुद्राच्या काठावर एक राज्य होतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत नारळ, भात आणि माणसं. खाडीच्या तोंडावर राजाचा किल्ला होता. किल्ल्याच्या पश्चिमेच्या बुरुजावरून थंडीच्या दिवसांत डॉल्फिन दिसत. तिथले मच्छीमार त्यांना गादे म्हणत. सकाळच्या भरतीबरोबर ते मासे खायला खाडीच्या तोंडाशी येत आणि पोट भरलं की निघून जात.

राजाला एकच मुलगी होती. लहानपणापासून ती आईबरोबर त्या बुरुजावर येऊन बसायची. राणी तिची वेणी घालायची आणि दोघी पाण्याकडे बघत राहायच्या. गादा दिसला तर दोघी हसायच्या. नाही दिसला तरी वेणी पूर्ण व्हायचीच.

मुलगी मोठी झाली आणि तिचं लग्न ठरलं. सासर घाटापलीकडे, फार लांब होतं. तिथे काळी जमीन होती, ज्वारी होती, वारा होता, आणि उन्हाळ्यात नदीच्या पात्रातून गाड्या चालत. समुद्र तिथल्या कोणी पाहिला नव्हता. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, आणि राजकन्येने स्वतःच्या तोंडाने होकार दिला होता. पण लग्न ठरल्यापासून ती बुरुजावर जास्त वेळ बसू लागली. वेणी घालून झाली तरी उठेना.

राणीच्या ते लक्षात आलं. तिने रायाजीला बोलावणं पाठवलं.

रायाजी त्या राज्यातला चित्रकार. त्याच्या वडिलांनी देवळांच्या भिंती रंगवल्या होत्या. तोही तेच करत मोठा झाला. तरुणपणी बंदरावर आलेल्या एका परदेशी खलाशाकडून तो तेलात रंग कालवायला शिकला. शिडाचं जाड कापड चौकटीवर ताणायचं, त्यावर सरस आणि खडूचा हात द्यायचा, आणि जवसाच्या तेलात घोटलेले रंग थरावर थर चढवत जायचं. हे रंग सावकाश वाळतात. म्हणून त्यात बदल करता येतो, खरवडता येतं, पुन्हा मांडता येतं. रायाजीला हे फार आवडायचं. तो म्हणायचा, "भिंतीवर एकदा चुकलं की चुकलं. तेलाचा रंग माणसाला विचार करायला वेळ देतो."

आता त्याचे केस पिकले होते. आणि गेल्या वर्षापासून त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. सकाळी कमी, दुपारी जास्त. हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं, त्याच्या अक्काला.

अक्का त्याची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी परतली, तेव्हापासून ती घरचे रंग घोटत आली होती. आधी वडिलांचे, मग भावाचे. खोलीच्या कोपऱ्यात दगडी फरशीसमोर बसायची आणि बत्ता फिरवत राहायची. बोलायची थोडं. पण बोलली की सरळ बोलायची.

राणी रायाजीला म्हणाली, "माझी मुलगी समुद्र सोडून चालली आहे. तिच्याबरोबर आपला समुद्र द्या, भिंतीवर लावता येईल असा. त्यात गादे उड्या मारत असू देत. लग्नाला अजून दोन महिने आहेत. जमेल?"

"जमेल, राणीसाहेब," रायाजी म्हणाला. नाही म्हणायला त्याची जीभ उचलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो एका मच्छीमाराच्या होडीतून पाण्यावर जाऊ लागला. मांडीवर कागद, हातात कोळसा. पहिले काही दिवस तो नुसता हलत्या पाण्याकडे बघत बसला. कधी लांबवर एक पाठ दिसायची, गोल वळायची आणि जायची. कागदावर रेघ ओढेपर्यंत तिथे काही नसायचं. मग एका सकाळी, होडीपासून हाकेच्या अंतरावर, एक भला मोठा गादा सबंध पाण्याबाहेर आला. शेपटीसकट. राखाडी पाठ, पोटाकडे फिकट गुलाबी झाक, अंगावरून ओघळणारं पाणी. हवेत तो क्षणभर आडवा राहिला आणि धाडकन पडला. होडी हेलकावली. रायाजी ओलाचिंब झाला आणि लहान मुलासारखा ओरडला.

घरी येऊन त्याने चित्र सुरू केलं. आधी पाणी. मग आकाशाची कड. लांबवर दोन-तीन पाठी, एका बाजूला आई आणि तिला बिलगून पोहणारं पिल्लू. आणि शेवटी, मधोमध, तो उडी मारणारा.

ज्या दिवशी त्याने मधला डॉल्फिन रंगवायला घेतला, त्या दिवशी त्याचा हात थरथरला नाही. कसं कोण जाणे, पण सकाळपासून ऊन कलेपर्यंत हात दगडासारखा स्थिर राहिला. पाठीवरचा उजेड जागच्या जागी बसला. डॉल्फिनच्या डोळ्यात ओलावा आला. शेपटीवरून सुटणारा प्रत्येक थेंब वेगळा दिसू लागला. कुंचला खाली ठेवला तेव्हा आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही, हे त्याला कळलं.

अक्का उठून चित्रासमोर आली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "रायाजी, असं पुन्हा तुला जमायचं नाही रे."

ही तिची शाबासकी होती. तिने आयुष्यात एवढी मोठी शाबासकी कोणाला दिली नव्हती.

बातमी किल्ल्यात गेली आणि माणसं चित्र बघायला येऊ लागली. येणारा प्रत्येक जण दारातच थबकायचा. "अरे बापरे! अंगावर येतो की काय!" म्हणायचा. मच्छीमार आले, सरदार आले, देवळातले पुजारी आले. खुद्द राजा आला. त्याने त्या ओल्या पाठीला बोट लावायला हात पुढे केला आणि रंग कच्चा आहे हे आठवून मागे घेतला.

"रायाजी," राजा म्हणाला, "पन्नास वर्षं तुम्ही आमच्या राज्यात आहात आणि आम्हाला पत्ताच नव्हता!"

त्याच सुमारास मुलीच्या सासरकडचे एक सरदार लग्नाची बोलणी करायला किल्ल्यात उतरले होते. तेही आले. मधल्या डॉल्फिनसमोर उभे राहिले आणि त्यांची नजर हलेना.

"चित्रकारबुवा," ते म्हणाले, "आमच्या महाराजांना असा माणूस कधीपासून हवा आहे. नवा वाडा बांधून तयार आहे, भिंती कोऱ्या आहेत. वऱ्हाडाबरोबर तुम्हीही चला. दरबारचे चित्रकार व्हा. तुमच्या या अक्कालाही घेऊन चला. हा मासा एकदा आमच्या महाराजांनी बघितला, की पुढचं मला काही बोलावंच लागणार नाही."

रायाजीने नुसते हात जोडले. आयुष्यभर त्याने पालख्यांचे दांडे रंगवले होते, उत्सवाचे मखर रंगवले होते, आणि उत्सव संपला की लोक त्याला विसरत. दरबारचा चित्रकार हे शब्द त्याच्या कानात दिवसभर घुमत राहिले. त्या संध्याकाळी त्याने अक्काला विचारलं, "तिथे तुला थंडी सोसेल ना गं?" अक्का हसली. भाऊ मनाने पोहोचलासुद्धा, हे तिला समजलं.

दोन दिवसांनी राजकन्या आली, आईबरोबर.

ती चित्रासमोर उभी राहिली. मधल्या डॉल्फिनकडे बघून म्हणाली, "किती खरा आहे हो, काका! फार सुंदर." थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिची नजर खिडकीकडे गेली. खिडकीतून खाडीचा एक तुकडा दिसत होता. त्या तुकड्याकडे ती चित्रापेक्षा जास्त वेळ बघत राहिली. मग नमस्कार करून गेली.

रायाजीला चैन पडेना.

"तिला आवडलं नाही का गं, अक्का?"

"आवडलं की. सुंदर म्हणाली."

"मग अशी का गेली?"

अक्काने बत्ता थांबवला. "ती समुद्र बघायला आली होती. तुझा हात बघून गेली."

रायाजी चिडला. "समुद्र काढला नाही का मी? एवढं पाणी आहे ते काय आहे मग?"

"आहे ना. पण दिसतं कुणाला? दारात माणूस आडवा उभा राहिला, तर आतलं घर दिसेल का? तसं झालंय. मधला आडवा उभा आहे."

रायाजी तिच्याशी दिवसभर बोलला नाही. पण अक्काचं बोलणं खोटं म्हणावं, तर तेही छातीठोकपणे म्हणता येईना. त्याने मांडणी सुधारायला घेतली.

आधी त्याने लांबच्या पाठी मोठ्या केल्या. मग त्यांच्यावर उजेड टाकला. आई आणि पिल्लू डावीकडून उजवीकडे आणलं. आकाशाची कड वर नेली, मग खाली आणली. एक शिडाची होडी घातली, नजर तिकडे वळावी म्हणून. दुसऱ्या दिवशी ती खरवडून टाकली. बगळे घातले, तेही पुसले. पाणी गडद केलं, फिकं केलं, पुन्हा गडद केलं.

काही केल्या उपयोग होईना. बघणाऱ्याची नजर आत शिरली की थेट मधल्यावर जायची आणि तिथेच बसून राहायची. उलट बाकीचे जितके नीट होत गेले, तितके अवघडलेले दिसू लागले. मधला एकटा उडी मारत होता आणि बाकीचे जणू त्याची उडी बघायला जमले होते.

असे बरेच दिवस गेले. जुन्या रंगावर नवा रंग चढत गेला. लग्न जवळ येत चाललं होतं. चित्र गुंडाळून घाट चढवायचं, तर रंग वाळायला हवा. जाड थर वाळायला वेळ लागतो, आणि मधल्याचा थर मुळातच फार जाड होता.

एक दिवस अक्का म्हणाली, "चौकट सोडून सगळं बदलून झालं तुझं. त्याला एकट्याला हात लावत नाहीस."

"त्याला हात लावायचा नाही."

"का?"

रायाजीने आपला उजवा हात तिच्यापुढे धरला. दुपारची वेळ होती. वाऱ्यावर पान हलावं तसा तो हलत होता.

"या हाताने होईल पुन्हा तसा? खरं सांग."

अक्काने हाताकडे पाहिलं. त्याला बरं वाटावं म्हणून काही बोलता आलं असतं. पण लहानपणापासून ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती.

"नाही होणार," ती म्हणाली.

"मग तो माझा शेवटचा आहे, अक्का. लोक त्याच्यासाठी येतात. ते सरदार त्याच्यासाठी मला न्यायला तयार झाले. तोच काढला तर माझ्यापाशी काय राहिलं?"

अक्का पुन्हा फरशीकडे वळली आणि रंग घोटू लागली.

पुढच्या सकाळी आकाशाचा रंग पुन्हा एकदा नीट बघावा म्हणून रायाजी पश्चिमेच्या बुरुजावर गेला. तिथे राणी आणि राजकन्या बसल्या होत्या. राणीच्या हातात मुलीचे केस होते. रायाजी मागे फिरणार, तेवढ्यात राणीने त्याला खुणेनेच बसायला सांगितलं. समोर पाणी होतं, रिकामं, चमचमणारं.

लांब एक पाठ वर आली आणि गेली.

"आता तिथे नाही यायचा," राजकन्या हळूच म्हणाली. "पलीकडे येईल बघा, त्या खडकाच्या अंगाला."

तिघंही खडकाकडे बघत राहिले. वेळ गेला. लाटा आल्या, गेल्या. राजकन्या पुढे झुकली होती, तिचे ओठ किंचित उघडे होते. रायाजीच्या लक्षात आलं, की आपणही श्वास धरून बसलो आहोत. मग भलतीकडेच, अगदी डाव्या हाताला, पाणी फुटलं. गादा अर्धा बाहेर आला आणि बुडाला. राजकन्या खळखळून हसली. "फसवलं!"

रायाजीने धीर करून विचारलं, "ताईसाहेब, तिकडे गेल्यावर इथलं काय आठवेल तुम्हाला?"

तिने विचार केला.

"गादा नाही आठवायचा, काका. तो पुरता दिसतो कुठे? त्याच्याआधीचं पाणी आठवेल. आता कुठून येईल, आता कुठून येईल, असं होतं ना मनाला... ते आठवेल. आणि डोक्यात आईसाहेबांचा हात."

राणीने मान वळवली आणि वेणी घालत राहिली.

रायाजी घरी आला तेव्हा ऊन वर आलं होतं. तो चित्रासमोर उभा राहिला. चित्रात वाट बघण्यासारखं काही नव्हतं. जे यायचं ते आलेलंच होतं, सबंध, शेपटीसकट, आणि कायमचं. बघणाऱ्याने वाहवा करावी आणि घरी जावं.

"अक्का," तो म्हणाला, "ती पातळ सुरी दे."

अक्काने सुरी आणून दिली. पण हातात देताना तिने क्षणभर ती धरून ठेवली. "मी करू का?"

"नको. माझा आहे तो."

त्याने शेपटीपासून सुरुवात केली. वरून रंग धरला होता, आत अजून मऊ होता. सुरीखाली त्याच्या पातळ वळकट्या निघत गेल्या. खोलीत जवसाच्या तेलाचा वास भरला. शेपटी गेली, पाठ गेली, पोटाची गुलाबी झाक गेली. मध्येच रायाजी थांबला. अक्काला वाटलं, आता तो सुरी खाली ठेवणार. ठेवली असती, तरी तिने त्याला नावं ठेवली नसती. पण तो नुसता डोळे पुसत होता. मग त्याने डोकं खरवडलं. डोळा सर्वांत शेवटी.

हात थरथरत होता. पण खरवडायला थरथरता हातही पुरतो.

मधोमध एक मळकट, ओबडधोबड भगदाड उरलं. रायाजी भिंतीला टेकून बसला. अक्काने त्याच्यासमोर पेज आणून ठेवली आणि त्याने ती प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने त्या जागी पाणी रंगवलं. नुकतंच काहीतरी आत गेलं आहे, असं पाणी. मधे फेस, फेसाभोवती बाहेर सरकणारी वर्तुळं, वर उडून अजून खाली न पडलेले थेंब. मग त्याने एकेक गोष्ट पुन्हा तपासली. लांबच्या पाठींवरचा जास्तीचा उजेड काढला. त्यांतली एकच ठेवली. आई आणि पिल्लू अगदी कडेला नेलं, अर्धं पाण्यात, अर्धं बाहेर. उजवीकडचा मोठा भाग त्याने मोकळा सोडला. तिथे काहीतरी घालावं म्हणून त्याचा हात तीनदा पुढे गेला आणि तीनदा त्याने तो मागे घेतला. या कामाला स्थिर हात लागला नाही. पाणी स्वतःच हलतं. रंगवणाऱ्याचा हात थोडा हलला, तर ते खपवून घेतं.

थर पातळ होता. लग्नाच्या आधी वाळला.

दरबारात चित्र मांडलं गेलं. सगळे जमले होते. वरचं कापड बाजूला केलं आणि सभेत कुजबुज सुरू झाली.

राजा पुढे झाला. "रायाजी, मधला कुठे गेला?"

"पाण्यात गेला, महाराज."

काही जण हसले. राजा हसला नाही. "आम्ही व्याह्यांना सांगून बसलो आहोत, की असा मासा तुम्ही जन्मात बघितला नसेल. आता त्यांना काय दाखवायचं?"

सासरकडचे सरदार चित्राजवळ आले, मागे गेले, पुन्हा जवळ आले. "बुवा, हे काय केलंत?" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, हळहळ होती. "मी महाराजांपुढे तुमची शिफारस त्या माशाच्या जोरावर करणार होतो. रिकामं पाणी दाखवून कुणाला दरबारात नोकरी मिळते? आता माझा नाइलाज आहे."

"समजलं, सरकार," रायाजी म्हणाला.

"या वयात," राजा म्हणाला, "झालेलं काम माणसाने बिघडवू नये."

रायाजीने मान खाली घातली. सभेच्या मागच्या बाजूला अक्का बायकांमध्ये उभी होती. तिला पुढे जाऊन भावाजवळ उभं राहावंसं वाटलं, पण तो दरबार होता.

मग राजकन्येला बोलावलं. ती चित्रासमोर आली. या वेळी ती सुंदर म्हणाली नाही. फेसाकडे बघत राहिली. मग तिची नजर हळूहळू सरकू लागली, वर्तुळांवरून लांबच्या पाठीकडे, तिथून पिल्लाकडे, आणि तिथून उजवीकडच्या मोकळ्या पाण्यावर. तिथे ती थांबली. ती थोडी पुढे झुकली. माणसं चित्राकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघू लागली.

"आईसाहेब," मागे न वळता ती म्हणाली, आणि तिने मोकळ्या पाण्याकडे बोट दाखवलं. "इथे येईल."

राणीने पदर तोंडाशी नेला. राजाने मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आणि तो आपल्या जागी जाऊन बसला.

लग्न झालं. चित्र गुंडाळून, मऊ कापडात बांधून वऱ्हाडाबरोबर घाट चढून गेलं. रायाजी गेला नाही. सासरच्या वाड्यासाठी दुसरा चित्रकार मिळाला. त्याने भिंतींवर हत्ती आणि शिकारीची दृश्यं काढली आणि त्याचं नाव झालं.

रायाजीचा हात पुढे आणखी बिघडला. बारीक काम बंद झालं. गावात लोक अजून त्या खरवडलेल्या माशाच्या गोष्टी सांगत. "तुम्ही बघायला हवा होता," म्हणत. "म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने मारला." हे ऐकलं की रायाजीला लागायचं. कधीकधी तो डोळे मिटून त्या डॉल्फिनला आठवायचा. एक दिवस शेपटीचा आकार काही केल्या आठवेना, तेव्हा तो इतका कासावीस झाला की त्याला जेवण जाईना. अक्काने त्याला कोपऱ्यात बसवलं, बत्ता हातात दिला आणि म्हणाली, "घोट." त्याने संध्याकाळपर्यंत नीळ घोटली. आपण केलं ते बरोबर केलं का, हा प्रश्न त्याने तिला बरेचदा विचारला. अक्का दर वेळी म्हणायची, "चित्र बरोबर झालं. तुझं काय झालं ते मला सांगता येत नाही."

अशी काही वर्षं गेली. मग एका थंडीत राजकन्या माहेरी आली. आता ती राणी होती, आणि तिच्याबरोबर तिची चिमुरडी मुलगी होती. मुलीने समुद्र कधी पाहिला नव्हता. राजकन्येने निरोप पाठवून रायाजीला आणि अक्काला सकाळी बुरुजावर बोलावून घेतलं.

किल्ल्यातली सगळी माणसं गोळा झाली होती. एवढं पाणी पहिल्यांदा बघून पोर घाबरेल, रडेल, की टाळ्या पिटेल, याची सगळ्यांना उत्सुकता. कोणी तिला गलबतं दाखवत होतं, कोणी लाटा. राजा तर तिला कडेवर घ्यायला हात पसरून उभा होता.

मुलीने कोणाकडेच पाहिलं नाही. ती सरळ कठड्यापाशी गेली. दोन्ही हात दगडावर ठेवले. तिची नजर पाण्यावरून सावकाश फिरत गेली, इकडून तिकडे, आणि एका जागी थांबली. ती थोडी पुढे झुकली.

"बघितलंस का, केवढा समुद्र!" राजा म्हणाला.

"श्श!" मुलगी म्हणाली. "आजोबा, बोलू नका. आत्ता येईल."

राजा गप्प झाला. सगळेच गप्प झाले.

"तिथे पाऊस लांबला की वारा सुटतो, सगळं घर धुळीने भरतं," राजकन्या रायाजीला अगदी हळू आवाजात सांगू लागली. "तेव्हा आम्ही दोघी चित्रासमोर बसतो. मी तिची वेणी घालते. ती रोज वेगळी जागा सांगते. वाड्यातल्या बायकांची पोरंही येऊन बसतात आणि भांडतात, इथे येईल, तिथे येईल म्हणून. काका, पहिला होता ना, त्याच्याकडे एकदा बघून झालं असतं. हा मला अजून पुरतो आहे."

अक्काने रायाजीच्या पाठीवर हात ठेवला.

मुलगी कठड्याला धरून उभीच होती. बराच वेळ पाण्यातून काहीच वर आलं नाही, आणि तरी ती जागची हलली नाही. रायाजी पुढे गेला आणि तिच्या शेजारी उभा राहून पाण्याकडे बघू लागला. आपण केलं ते बरोबर केलं का, हा प्रश्न त्या दिवसापासून त्याने अक्काला पुन्हा विचारला नाही.

म्हणून लहानांनी आणि मोठ्यांनीही एवढं ध्यानात ठेवावं: आपल्या हातून झालेली सर्वांत देखणी गोष्टच जर कामाच्या आड येत असेल, तर ती पुसण्याची हिंमत ज्याच्यात असते, त्याचंच काम पूर्ण होतं.